मेंदूतली साफसफाई आणि 'ट्रेम-२'

विशी-पंचविशीतला तरुण घोटा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे येतो. पाय साधासा मुरगळल्याचं निमित्त होतं आणि हाड मोडतं. एक्स-रे काढला तर घोट्याच्या, मनगटाच्या, हातापायांच्या बोटांच्या हाडांत ठिकठिकाणी पोकळ्या दिसतात. प्लास्टर घातलं जातं, हाड जुळतं, माणूस कामाला लागतो. पुढे तिशी ओलांडल्यावर घरच्यांच्या लक्षात येतं की याचा स्वभाव बदलला आहे. नको तिथे हसतो, पैशांचा हिशेब राहत नाही, चारचौघांत काय बोलावं याचं भान सुटलं आहे. मग स्मृती जाते, फिट्स येऊ लागतात, आणि पन्नाशीच्या आसपास मृत्यू.

हा आजार फिनलंडमध्ये हाकोला यांनी आणि जपानमध्ये नासू यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, १९७० च्या आसपास वर्णन केला. म्हणून त्याचं नाव नासू-हाकोला. अतिशय दुर्मीळ आजार आहे. फिनलंडमध्ये त्यातल्या त्यात जास्त आढळतो, तिथेही प्रमाण दहा लाखांत एक-दोन इतकंच. तुमच्या-माझ्या घरात तो असण्याची शक्यता जवळपास नाही. तरीही आज त्याबद्दल लिहितो आहे, कारण अल्झायमर या अजिबात दुर्मीळ नसलेल्या आजाराचं एक महत्त्वाचं कोडं या आजारामुळे सुटायला लागलं.

बोटांची हाडं आणि मेंदूचा पुढचा भाग यांचा काय संबंध? वैद्यकाच्या रोजच्या व्यवहारात काहीच नाही. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत हाडांची ओपीडी एका इमारतीत असते, मेंदूची दुसऱ्या. रुग्ण दहा वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे गेला तर दोन्ही कागद एकत्र बघणारं कुणी नसतं. पण शरीर काही विभाग पाडून चालत नाही. आपलं हाड सतत मोडलं आणि पुन्हा बांधलं जात असतं. त्यातलं मोडण्याचं काम करणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. मेंदूत झाडलोट करणाऱ्या पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. आणि शरीरात इतरत्र मेलेल्या पेशी, जंतू, कचरा गिळणाऱ्या पेशी म्हणजे मॅक्रोफेज. या तिन्ही एकाच खानदानातल्या. हाडात आणि मेंदूत एकाच वेळी बिघाड होत असेल तर तो या खानदानात असणार, हा तर्क बरोबर निघाला.

फिनलंडमधील संशोधकांनी २००० साली या आजाराचं एक जनुक शोधलं. त्यापासून तयार होणाऱ्या प्रथिनाचं नाव डॅप-१२. मात्र काही कुटुंबांत आजार तोच आणि डॅप-१२ मात्र ठणठणीत, असं दिसत होतं. तिथे दोष दुसऱ्या जनुकात सापडला. हे २००२ साली कळलं. ते दुसरं जनुक ज्या प्रथिनाचं, ते आजच्या लेखाचं पात्र: 'ट्रेम-२' नावाचा रिसेप्टर.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यात रोवलेलं प्रथिन. त्याचा एक भाग पेशीबाहेर असतो, तिथे ठरावीक पदार्थ येऊन चिकटला की आत निरोप जातो. ट्रेम-२ ची गंमत अशी की त्याचा आतला भाग अगदी आखूड आहे, स्वतः निरोप देण्याची ताकद त्यात नाही. दारावरच्या बेलचं बटण बाहेर असतं आणि घंटा घरात असते, तसं आहे हे. ट्रेम-२ हे बटण आणि डॅप-१२ ही घंटा. बटण बिघडलं काय किंवा घंटा बिघडली काय, दार उघडायला कुणी येत नाही. म्हणूनच दोन वेगळ्या जनुकांतल्या दोषांमुळे एकच आजार होतो. आई आणि वडील दोघांकडून दोषी प्रत मिळाली तरच हा आजार होतो. नात्यातल्या लग्नांत असे आजार अधिक दिसतात ते याच कारणाने.

आता हे बटण दाबतं कोण? ट्रेम-२ ला ओळख आहे ती मुख्यतः स्निग्ध पदार्थांची. पेशी मरते तेव्हा तिच्या पडद्यातली आतल्या बाजूची काही चरबी बाहेर दिसू लागते, ती ट्रेम-२ ला कळते. मज्जातंतूंवर वायरीच्या प्लास्टिकसारखं जे मायलिनचं आवरण असतं त्याचे तुकडे पडले की ते कळतात. चरबी वाहून नेणारं एपीओई हे प्रथिन कळतं. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइडही कळतं. पाणी वगळलं तर मेंदूच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग स्निग्धच असतो. त्यामुळे तिथला कचराही तेलकट, चिवट. ट्रेम-२ कडून निरोप गेला की मायक्रोग्लिया जागच्या हलतात, कचऱ्याकडे सरकतात, तो गिळतात, पचवतात आणि एवढं काम करून जगून राहतात. यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. गिळणं एक वेळ सोपं, पण गिळलेली चरबी पचवण्यासाठी पेशीला भरपूर ऊर्जा लागते. ट्रेम-२ नसलेल्या मायक्रोग्लिया ही ऊर्जा नीट तयार करू शकत नाहीत आणि उपाशी कामगारासारख्या मध्येच कोसळतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

आम्ही एमबीबीएसला होतो तेव्हा मायक्रोग्लियाला पाठ्यपुस्तकात जेमतेम एक परिच्छेद मिळायचा. स्पेनच्या पिओ देल रिओ ऑर्तेगा यांनी १९१९ मध्ये या पेशी वेगळ्या ओळखून त्यांना नाव दिलं. मेंदूतल्या दर दहा पेशींपैकी साधारण एक मायक्रोग्लिया असावी. तरीही त्यांना 'भरणा' समजून पुढे जाण्याची पद्धत होती. त्याही आधी, १९०७ मध्ये, खुद्द अलॉइस अल्झायमर यांनी आपल्या पहिल्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूचं वर्णन करताना मज्जापेशींभोवतीच्या या आधारपेशींमध्ये चरबी साठल्याची नोंद केली होती. त्याच लेखात त्यांनी प्लाक आणि गुंताळ्यांबद्दल लिहिलं. पुढची शंभर वर्षं जग प्लाक आणि गुंताळ्यांच्या मागे धावलं. चरबीची नोंद कागदावरच राहिली.

मग २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये दोन शोधनिबंध एकाच वेळी जाहीर झाले. एक आइसलंडमधल्या डीकोड या संस्थेचा, दुसरा लंडनमधल्या जॉन हार्डी आणि सहकाऱ्यांचा. आइसलंडच्या गटाने २,२६१ लोकांचे जनुकसंच वाचले होते. दोन्ही गटांना एकच गोष्ट सापडली. ट्रेम-२ प्रथिनात ४७ व्या जागेवर आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असेल, तर उतारवयात अल्झायमर होण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो. इथे नासू-हाकोलासारखं बटण पूर्ण मोडलेलं नाही. दोनपैकी एकच प्रत दोषी आणि तीही अर्धवट काम करणारी. पण सत्तर-पंचाहत्तर वर्षं अर्धवट झाडलोट होत राहिली तर काय साचेल, याचा अंदाज करता येतो. १९९३ मध्ये एपीओई-४ हे जनुक अल्झायमरशी जोडलं गेलं. त्यानंतर वीस वर्षांत इतका मोठा धोका दाखवणारं दुसरं जनुक क्वचितच हाती लागलं होतं. आणि एपीओई म्हणजे तीच, ट्रेम-२ ला चिकटणारी, चरबीची मालवाहू गाडी. दोन स्वतंत्र वाटा एकाच दारात येऊन थांबल्या.

या शोधाने मेंदूविज्ञानात एक जुनी समजूत मोडली. ती समजूत रुग्णांच्या नातेवाइकांच्या तोंडी आजही असते: "डॉक्टर, मेंदूला सूज आहे ना, मग सूज उतरायचं औषध द्या." विचार करता यात चूक काहीच वाटत नाही. अल्झायमरच्या मेंदूत प्लाकभोवती मायक्रोग्लियांचा गराडा दिसतो, दाहाची रसायनं वाढलेली असतात. आगीच्या ठिकाणी नेहमी बंब दिसतो म्हणून बंबालाच आग लावणारा ठरवावं तसं काहीसं झालं. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक घेणाऱ्यांत अल्झायमर कमी आढळतो, अशी निरीक्षणंही होती. म्हणून अमेरिकेत नॅप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब या गोळ्या वृद्धांना प्रतिबंधक म्हणून देऊन मोठी चाचणी झाली. हृदयाला धोका असल्याच्या शंकेने २००४ च्या डिसेंबरमध्ये गोळ्या थांबवल्या गेल्या, आणि त्यांनी अल्झायमर टळतो असं काही सिद्ध झालं नाही. तेव्हा स्मृती टिकावी म्हणून रोज वेदनाशामक घेणारे कुणी असतील तर त्यांनी ते बंद करावं. मूत्रपिंडं तेवढी खराब होतील.

प्लाकभोवतीचा गराडा नेमकं काय करतो, हे ट्रेम-२ काढून टाकलेल्या उंदरांमध्ये स्पष्ट दिसलं. सामान्य उंदरात मायक्रोग्लिया अमायलॉइडला वेढून घट्ट दाबून ठेवतात, जणू बांध घालतात. ट्रेम-२ नसेल तर बांध फुटका राहतो, प्लाक पसरट आणि काटेरी होतो, आणि त्याला लागून असलेले मज्जातंतू सुजून खराब होतात. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत इडो अमित आणि मिखाल श्वार्ट्झ यांच्या गटांनी २०१७ मध्ये एकेका पेशीतली जनुकं मोजून दाखवलं की आजारी मेंदूत मायक्रोग्लिया दोन टप्प्यांत कामाला लागतात. पहिला टप्पा ट्रेम-२ शिवाय पार पडतो. दुसऱ्या टप्प्यात गिळण्याची आणि चरबी पचवण्याची यंत्रणा पूर्ण चालू होते, आणि त्याला ट्रेम-२ लागतोच. मायलिनच्या बाबतीतही तसंच. उंदरांना रसायन देऊन मायलिन झडवलं तर नवं मायलिन चढण्याआधी जुन्याचा कचरा उचलावा लागतो. कचरा उचलला नाही तर दुरुस्ती अडते. घराची गळकी भिंत नव्याने गिलावा करण्याआधी खरवडावी लागते, हे कोकणातल्या कुणालाही सांगायला नको.

मेंदूबाहेरही हा रिसेप्टर हेच काम करतो, म्हणून त्याच्याकडे फक्त मेंदूचा रिसेप्टर म्हणून पाहणं बरोबर नाही. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २००९ मध्ये उंदरांच्या मोठ्या आतड्याला बारीक जखम करून पाहिली, तर ट्रेम-२ नसलेल्या उंदरांत ती नीट भरत नव्हती. २०१९ मध्ये वाइझमन संस्थेच्याच गटाने लठ्ठ उंदरांच्या आणि माणसांच्या चरबीत ट्रेम-२ असलेले मॅक्रोफेज दाखवले. फुगलेल्या चरबीपेशींभोवती ते जमतात. उंदरांत ट्रेम-२ काढला तर चरबीपेशी आणखी फुगल्या आणि साखर-कोलेस्टेरॉलचं गणित बिघडलं. त्याच वर्षी एडिंबराच्या संशोधकांना सिरॉसिस झालेल्या मानवी यकृतात, व्रणाच्या पट्ट्यांना लागून, ट्रेम-२ असलेले मॅक्रोफेज मिळाले. ते तिथे व्रण वाढवायला बसलेत की आवरायला, यावर वाद झाला. प्रयोगशाळेत त्यांनी व्रण तयार करणाऱ्या पेशींना चालना दिली, पण उंदरांत ट्रेम-२ काढल्यावर यकृताची इजा कमी न होता वाढली. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं असावं. जखम भरणं आणि व्रण पडणं या एकाच कामाच्या दोन अवस्था आहेत. चेहऱ्यावरचा टाक्याचा वळ पाहून रुग्ण हळहळतो, तेव्हा त्या वळानेच जखम मिटवलेली असते.

पण गाठींमध्ये चित्र उलटं होतं. कर्करोगाच्या गाठीत घुसलेले ट्रेम-२ धारी मॅक्रोफेज तिथल्या प्रतिकारशक्तीला शांत करतात, जणू ही जखम आहे आणि आता आरडाओरडा थांबवून दुरुस्ती करायची आहे. २०२० मध्ये दोन गटांनी दाखवलं की उंदरांत ट्रेम-२ अडवला तर गाठ आवरते आणि इम्युनोथेरपीची औषधं अधिक लागू पडतात. म्हणजे एकाच रिसेप्टरला कर्करोगतज्ज्ञ बंद करू पाहताहेत आणि मेंदूतज्ज्ञ चालू. 'इम्युनिटी वाढवा' असं छापून चूर्णं, काढे आणि कॅप्सूल विकणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडत नाही: कुठली, कुठे आणि किती वाढवायची?

औषधाची कहाणी इथून पुढची. अलेक्टर या अमेरिकी कंपनीने ट्रेम-२ चालू करणारी अँटिबॉडी तयार केली. सुरुवातीच्या अवस्थेतल्या अल्झायमरच्या पावणेचारशेहून अधिक रुग्णांवर तिची चाचणी झाली, काहींना ९६ आठवड्यांपर्यंत सलाइनमधून औषध मिळालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल आला. औषध रिसेप्टरपर्यंत पोहोचल्याच्या खुणा दिसल्या, पण स्मृती आणि रोजचे व्यवहार ढासळण्याचा वेग कमी झाला नाही. अमायलॉइडही घटलं नाही.

असं का झालं याची दोन-तीन कारणं सांगितली जातात. ट्रेम-२ पेशीवर कायम बसून राहत नाही. काही एन्झाइम त्याचा बाहेरचा भाग कापतात आणि तो तुकडा पाठीच्या कण्यातल्या पाण्यात तरंगताना सापडतो. अँटिबॉडी चिकटल्यावर पेशीवरचे रिसेप्टर कदाचित कमीच झाले असतील. दुसरं कारण वेळेचं. उंदरांत आजाराच्या सुरुवातीला ट्रेम-२ नसल्याचा आणि उशिरा नसल्याचा परिणाम वेगवेगळा दिसतो. प्लाकऐवजी टाऊ प्रथिनाच्या गुंताळ्या असलेल्या काही उंदरांत तर ट्रेम-२ नसताना मेंदूची हानी कमी झाली होती. म्हणजे मदतीला बोलावलेला कामगार एका टप्प्यावर हवा असतो आणि दुसऱ्या टप्प्यावर त्याचीच अडचण होते. तिसरं साधं कारण म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचा फार थोडा अंश मेंदूत उतरतो. म्हणून आता तोंडावाटे घेता येतील असे लहान रेणू तपासले जात आहेत.

लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही अमायलॉइड काढणारी औषधं अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळवून आली. तीही अमायलॉइडवर खूण करून देण्याचंच काम करतात. प्रत्यक्ष उचलायला मायक्रोग्लियाच लागतात. या औषधांनी ढासळण्याचा वेग काहीसा मंदावतो. पण त्यासाठी वारंवार एमआरआय करावे लागतात, कारण मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो. माझ्या ओपीडीत तालुक्याच्या गावातून एसटीने येणाऱ्या रुग्णाला हे उपचार झेपतील अशी आजची स्थिती नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि रुग्ण तर पुष्कळ आहेत. देशभरातील वृद्धांच्या पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात ६० वर्षांवरील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. यातले बहुतेक दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत, कारण 'साठी बुद्धी नाठी' म्हणून घरचे मोकळे होतात.

जनुकांची तपासणी करून घ्यावी का, असं सुशिक्षित मुलं-मुली हल्ली विचारतात. आई-वडिलांना उतारवयात अल्झायमर झाला एवढ्यावरून निरोगी मुलांनी ट्रेम-२ किंवा एपीओई तपासू नये, असं मी सांगतो. अहवाल 'धोका जास्त' असा आला तर त्यावर करण्यासारखं वेगळं काही नाही. तो 'धोका नाही' असा आला म्हणून रक्तदाबाची गोळी सोडता येत नाही. चाळिशी-पन्नाशीतच स्मृती जाणारे एकाच घरात दोन-तीन असतील तर गोष्ट निराळी. अशांनी समुपदेशनाची सोय असलेल्या जनुकतज्ज्ञांकडे जावं. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके मोजले. स्मृतिभ्रंशाचे जवळपास निम्मे, ४५ टक्के, रुग्ण त्यांच्याशी जोडलेले आहेत. त्यात रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, वाढलेलं कोलेस्टेरॉल आहे, आणि अनेकांना आश्चर्य वाटेल, पण बहिरेपण आणि अधू दृष्टीही आहे. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून घरात त्यांच्याशी बोलणंच बंद होतं. त्यांना श्रवणयंत्र आणून देणं किंवा मोतीबिंदू काढून घेणं हे आपल्या जिल्हा रुग्णालयातही होतं.

विसरभोळेपणा असलेल्या व्यक्तीला तपासायला आणाल तेव्हा सोबत राहणारं, रोजचं सगळं माहीत असलेलं माणूस बरोबर असू द्या. बी-१२, थायरॉइड, नैराश्य, डोक्याला लागून आत साचलेलं रक्त ही उपचाराने सुधारणारी कारणं आधी तपासली जातात. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा, दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा. झोपेच्या आणि सर्दीच्या कित्येक गोळ्या वृद्धांची स्मृती गढूळ करतात, आणि त्यांची नावं चिठ्ठीवर कुठेच लिहिलेली नसतात.